सिन्सिअरचे गाव

रोह्याहून पेणला निघालेल्या पॅसेंजरमध्ये चौलकर सर समोरच्या बाकावर येऊन बसले, की नागोठणे येईपर्यंत ते सहसा बोलत नसत. खिडकीबाहेर पाहत आणि डब्यातले बोलणे ऐकत. मग कुणाच्या तरी तोंडून एखादा इंग्रजी शब्द निसटे आणि सर वळून विचारत, “हा कुठला हो?”

एकदा एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, की मुलगा परीक्षेत एकदम ब्लँक झाला. सरांनी विचारले, “कुठला?”

“मी कोलाडचा,” गृहस्थ म्हणाले.

“ते बोलण्यावरून कळलं. ब्लँक कुठला?”

सरांनी सांगितले, की ब्लँक इंग्रजांकडे फ्रेंचांकडून आला आणि मूळ अर्थ पांढरा. “म्हणजे तुमच्या मुलानं पेपर कोरा ठेवला, एवढंच. डोकं शाबूत आहे त्याचं. घरी जाऊन रागावू नका.” गृहस्थ हसले आणि पेण येईपर्यंत त्यांनी आणखी चार-पाच शब्दांची गावे विचारून घेतली.

चौलकर सर पेणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत आणि रोह्यात कुंडलिकेच्या बाजूच्या एका आळीत राहत. रेल्वे रोह्यापर्यंत आली नव्हती तेव्हा ते एसटीने येत, नंतर गाडीने. उंची बेताची, शर्ट अर्ध्या बाह्यांचा आणि आवाज शरीराच्या मानाने मोठा. एखादा शब्द समजावताना रंगात आले, की उजवी चप्पल पायातून निघे आणि तास संपल्यावर फळ्याच्या दुसऱ्या टोकाला सापडे. मुले ती आणून देत. चप्पल जितकी लांब तितका तास चांगला झाला, असे वर्गात मानले जाई.

आमच्याकडे नवा माणूस भेटला, की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं’ आणि दुसरा ‘कुणाच्यातले’ असा असतो. हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय पाण्याचा तांब्याही पुढे होत नाही. सरांनी हीच रीत इंग्रजी शब्दांना लावली होती. शब्द फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी एका सुरात विचारायचे, “गाव कुठलं?” मग सर शब्दाच्या वतीने उत्तर देत. कुणी लॅटिनचा, कुणी फ्रेंचांच्या घरून सासरी आलेला, कुणी थेट उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांबरोबर होडीतून उतरलेला. वर्गात भातशेतीच्या गावांतली मुले होती, खारेपाटातल्या मिठागरांवरची होती, आणि पेण शहरातल्या गणपतीच्या कारखान्यांतली तर बरीच होती. इंग्रजीची धास्ती सगळ्यांना सारखीच. पण पाहुण्याला गाव विचारायची धास्ती कुणालाच नव्हती.

सरांची विशेष माया विशेषणांवर. नाम हे घरमालकासारखे असते, जागचे हलत नाही. क्रियापद सदा कामात. विशेषण मात्र चार घरी जाऊन राहते आणि प्रत्येक घरचे थोडे वळण उचलते, असे ते म्हणत. ‘नाइस’ हे त्यांचे लाडके उदाहरण. मूळ लॅटिन, अर्थ अडाणी. पुढे मूर्ख, मग नखरेल, मग चोखंदळ, मग नाजूक, आणि हिंडत हिंडत शेवटी छान.

या धड्याचा एक परिणाम सरांनाही अपेक्षित नव्हता. शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले होते. मुलांनी उत्तरे बरी दिली. साहेब प्रसन्न होऊन म्हणाले, “व्हेरी नाइस क्लास! व्हेरी नाइस टीचर!” सगळा वर्ग हसू लागला. साहेबांचा चेहरा पडला. मुख्याध्यापकांनी दात-ओठ खाल्ले. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने उभी राहून खुलासा केला, “साहेब, तुमी सरांना अडानी बोललात.”

सरांनी साहेबांना सगळा वंश सांगितला. साहेब ऐकत गेले आणि शेवटी म्हणाले, “मग मी म्हणायला काय हवं होतं?”

“नाइसच म्हणा, साहेब. आता बरं चाललंय त्याचं,” सर म्हणाले. मग वर्गाकडे वळून थोडे कडक झाले. “आणि तुम्ही लोकांनी हसायचं नाही. एखाद्याचा आजोबा गरीब होता म्हणून नातवाला कुणी हिणवतं का?”

जाताना साहेबांनी शेरापुस्तकात काय लिहावे याचा बराच वेळ विचार केला, असे शिपायाने नंतर सांगितले.

पण सरांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मेणाची. शाळा सोडताना मिळणाऱ्या दाखल्यावर बहुतेकांच्या नावापुढे ‘सिन्सिअर’ असे लिहिलेले असे; तेव्हा त्या शब्दाचे गाव मुलांना ठाऊक असलेच पाहिजे, असा सरांचा आग्रह होता. गोष्ट अशी. जुन्या काळी रोममध्ये संगमरवराच्या मूर्ती करणारे कारागीर होते. दगडाला भेग गेली, की लबाड कारागीर तीत मेण भरत आणि वरून दगडाची पूड चोळत. गिऱ्हाईक मूर्ती घरी नेई. उन्हाळा आला की मेण वितळे आणि देवाच्या गालावरून ओघळे. म्हणून प्रामाणिक कारागिरांनी दुकानावर पाट्या लावल्या, ‘सिने सेरा’. सिने म्हणजे शिवाय, सेरा म्हणजे मेण. मेणाशिवाय. तोच हा सिन्सिअर.

ही गोष्ट दुसऱ्या एखाद्या गावात मुलांनी ऐकून सोडून दिली असती. पेणमध्ये ते शक्य नव्हते. कारखान्यांतली मुले बाकावरून उठून सांगू लागत, “सर, आमच्यात पन भेगा भरतात!” “सर, माझी आय भरते!” मूर्ती सुकताना तिला चिरा जातात आणि त्या भरून, घासून वर रंग देतात, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत. त्यामुळे रोम हे कुठले लांबचे शहर न राहता पेणमधलीच एक आळी झाली. मुलांनी पुरावा दिला आणि सरांना वाटले, गोष्ट सिद्धच झाली. दर वर्षी तिच्यात भर पडत गेली. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले, कारागिराला सासू आली, मूर्ती न्यायला बैलगाडी आली. गोष्ट खरी आहे का, हे पाहायचे राहून गेले.

दिनकर हा माझ्याच वर्गातला. बाप मूर्तिकार, पोराचे इंग्रजी यथातथा. पण मेणाच्या गोष्टीच्या दिवशी तो पापणी न हलवता ऐकत होता, हे शेजारी बसल्यामुळे माझ्या लक्षात राहिले. पुढे बापामागे कारखाना त्याच्याकडे आला. त्याने जुन्या जागेशेजारी नवी शेड बांधली आणि दारावर पाटी लावली, ‘सिन्सिअर कला मंदिर’. खाली बारीक अक्षरांत, ‘आमच्या मूर्तीत भरलेली भेग सापडणार नाही’.

पाटीचे उद्घाटन चौलकर सरांच्या हस्ते झाले. सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. ते कोट घालून आले, मेणाची गोष्ट त्यांनी पूर्ण सांगितली, आणि कोटासह घामाने भिजून रोह्याला परत गेले. आपल्या एका शब्दाला पेणमध्ये घर मिळाले, असे ते पुढे गाडीत भेटेल त्याला सांगत.

दिनकरने पाटीवरचे शब्द खरे करायचे ठरवले होते. शाडूच्या मूर्तीला चीर गेली, की ती भरायची नाही; मूर्ती पुन्हा टाकीतल्या पाण्यात टाकायची, माती भिजवायची आणि नव्याने साच्यात भरायची. पहिल्या वर्षी हे निभले. दुसऱ्या वर्षी श्रावणात हवा इतकी दमट राहिली, की मूर्ती वाळेनात. मोठे दिवे लावून वाळवल्या, तर घाईने सुकून जास्तच तडकल्या. बाकीच्या कारखान्यांतून चिरा भरून रंगकाम सुरू झाले. दिनकरकडे टाकी भरत चालली आणि फळ्या रिकाम्या होत चालल्या.

मी तोवर एका दैनिकात नोकरीला लागलो होतो आणि गणपतीच्या आधी तिथे पेणच्या कारखान्यांवर मजकूर लागत असे. त्या कामासाठी मी दिनकरच्या शेडमध्ये पोचलो, तेव्हा त्याची आई सोनाबाई टाकीशेजारी हात धुऊन बसली होती. भेगा भरण्यात तिचे आयुष्य गेले होते आणि आता मुलाने तिलाच कामावरून कमी केले होते.

“लिव बाबा पेपरात,” ती म्हणाली. “माजा पोरगा चतुर्थीच्या आधीच गनपती बुडवतो.”

“आय, गप ऱ्हा गो,” दिनकर आतून ओरडला.

“का गप ऱ्हाऊ? मुंबयवाला टेंपो घेऊन येल तवा काय टाकी देशील त्याला उचलून? ज्यांनी मूर्ती सांगितल्यान, त्यांच्या मखरात काय पाटी बसवायची?”

दिनकर बाहेर आला. त्याच्या हातात एक सुंदर बसकी मूर्ती होती आणि तिच्या कानामागे केसाएवढी चीर होती. तो सरळ टाकीकडे गेला आणि त्याने ती पाण्यात सोडली. शेडमधल्या कारागिरांनी माना फिरवल्या. हा हंगाम असाच बुडाला असता, तर शेडच राहिली नसती. हे सगळ्यांना कळत होते. दिनकरलाही कळत होते.

इकडे रोह्यात दुसरीच गोष्ट घडली होती. मुंबईला स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थिनीने सरांना एक जाडजूड कोश पाठवला होता, शब्दांची कुळे सांगणारा. सर त्यात आधी ओळखीचे शब्द काढून पाहत होते, गावी गेल्यावर आधी ओळखीच्या घरी जावे तसे. नाइस सापडला, ठीक होता. ब्लँक ठीक होता. मग त्यांनी सिन्सिअर काढला. मेणाच्या गोष्टीला आधार नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. सरांनी रोह्याच्या वाचनालयात जाऊन दुसरा कोश पाहिला. त्यातही तेच. हा शब्द लॅटिनमधल्या शुद्ध, निर्भेळ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला. आणि त्याचे मूळ बहुधा ‘एक’ आणि ‘वाढणे’ या दोन जुन्या धातूंत, म्हणजे एकाच वाढीचा. त्यातल्या ‘एक’चे आपल्या संस्कृतातल्या ‘सकृत्’शी, म्हणजे ‘एकदा’शी, नाते आहे, हे वाचून सरांना आनंद झाला. पण तो टिकला नाही. डोळ्यांसमोर दिनकरची पाटी आली.

“आजोबा गरीब असला तर चालतं,” पुढे हा प्रसंग सांगताना ते म्हणाले. “खोटा आजोबा चालत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले, पण गाडीने नाही. गाडी थेट पेणला नेऊन पोचवते आणि मधे विचार बदलायला जागा ठेवत नाही, म्हणून एसटी धरली आणि पेणच्या अलीकडे, गडब गावी उतरले. तिथे हायवेवर त्यांच्या एका विद्यार्थ्याचे चहाचे दुकान होते. दिनकरपुढे बोलण्याआधी एकदा तालीम करावी, असा त्यांचा हेतू होता.

“बाळा, मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं,” सर म्हणाले. “ती मेणाची गोष्ट खरी नाही.”

“कंची गोष्ट, सर?”

“सिन्सिअरची. रोमची.”

“मला काय आठवत नाय सर तसला,” दुकानदार म्हणाला आणि त्याने चहात साखर वाढवली.

सरांना हे फार लागले. “आठवत नाही? दर वर्षी सांगत होतो मी!” त्यांनी चप्पल काढली आणि मेणाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली, गिऱ्हाईक, सासू, बैलगाडी, देवाच्या गालावरचा ओघळ, सगळे. दुकानात थांबलेले दोन ट्रकवालेही ऐकत राहिले. गोष्ट संपल्यावर सर म्हणाले, “तर हे सगळं खोटं आहे.”

“पन गोष्ट झ्याक हाय, सर,” दुकानदार म्हणाला. ट्रकवाल्यांनीही मान डोलावली. चूक दुरुस्त करायला गेलेले सर तिघांना ती नव्याने शिकवून पुढच्या एसटीत बसले.

ते दिनकरच्या शेडमध्ये शिरले, तेव्हा मी तिथेच होतो. दिनकरने हात पुसून त्यांच्या पायांना हात लावला. सर खुर्चीवर बसले नाहीत.

“दिनकर, मेणाची गोष्ट खोटी आहे. दोन कोशांत पाहिलं. कुणीतरी मागाहून रचलेली. मी पारखून न घेता सांगत आलो.”

दिनकर हसला. त्याला वाटले, सर थट्टा करताहेत. मग त्याने सरांचा चेहरा पाहिला.

“असा कसा खोटी? तुमी या पाटीखाली उभे ऱ्हाऊन सांगितलीत.”

“सांगितली. चुकलो. तू भेगा भर बाबा. त्या शब्दाचा भेगांशी काही संबंध नाही.”

“मग कशाशी हाय?”

हा प्रश्न वर्गातला होता. सरांची चप्पल सुटली. त्यांनी खरे कूळ सांगितले: एकाच वाढीचा, एकजिनसी, भेसळ नसलेला.

“म्हंजे तेच की!” दिनकर म्हणाला. “भेसळ नाय म्हंजे भेगेत कायतरी भरायचा नाय. तुमची नवी गोष्ट पन माज्याच बाजूची हाय, सर.”

असे उत्तर सरांना वर्गात मिळाले असते तर ते खूश झाले असते. त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि सोनाबाईला विचारले, “भेगेत तुम्ही काय भरता?”

“शाडूच. दुसरा काय भरनार? पातळ करून भरायचा.”

“तीच माती?”

“तीच. हीच,” ती टाकीकडे बोट करून म्हणाली.

“ऐकलंस?” सरांचा आवाज चढला. “मातीत तीच माती. भेसळ आली कुठून?”

दिनकरला ते पटू लागले होते, हे दिसत होते. पण तो मागे हटायला तयार नव्हता. “नाय सर. मागची गोष्ट पन तुमी अशीच पटवली व्हतीत,” तो म्हणाला. “तिच्यापायी दोन सालं मी आयशी भांडतोय. आता परत पटवून घेऊ? उद्या आनखी एक कोश यील.”

कारागीर हातातले काम थांबवून पाहत होते. टाकीशेजारी पाण्यात टाकायच्या मूर्तींची आणखी एक फळी तयार होती.

सरांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या. त्या आधीच अर्ध्या होत्या, त्यामुळे फार काही सारायचे नव्हते. ते सोनाबाईशेजारी पोत्यावर मांडी घालून बसले आणि फळीवरची पहिली मूर्ती त्यांनी मांडीवर घेतली.

“सर, काय करताय? द्या इकडं.” दिनकर पुढे झाला. त्याचे हात मूर्तीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. ज्यांच्या पायांना आत्ताच हात लावला, त्यांच्या मांडीवरून मूर्ती ओढून घेणे त्याला जमेना. तो तसाच ओणवा उभा राहिला.

“मी शिकवलेलं चुकलंय, तर भरतो मी,” सर म्हणाले. “तू पुढचं काम बघ.”

सोनाबाईने वाटी पुढे सरकवली. तिच्या चेहऱ्यावर हसू होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “बोटान नको मास्तर, काडीन घ्या. हा. येवढा नको! सोंडेत भरताय का भेगेत? देवाला श्वास घेऊ दे.”

“वाळल्यावर घासायचं ना?”

“आधी भरा तर खरा. घासायचा मागनं बघू.”

कारागिरांपैकी कुणीतरी पहिल्यांदा हसले आणि मग सगळी शेड हसली. दिनकर सरळ उभा राहिला. मग तो टाकीपाशी गेला, मघाशी सोडलेली बसकी मूर्ती त्याने पाण्यातून काढता येते का पाहिले. ती मऊ पडली होती. त्याने ती पुन्हा सोडली आणि टाकीवर झाकण ओढले. उरलेली फळी उचलून त्याने आईपुढे आणून ठेवली.

माझ्या मजकुराला दैनिकात जागा कमी मिळाली आणि त्यात हे काही आले नाही. मुंबईचा टेम्पो वेळेवर भरून गेला. मोठी पाटी जागेवर राहिली, खालच्या बारीक अक्षरांवर मात्र दिनकरने रंग मारला. त्यानंतर श्रावण लागला की सर सकाळच्या पॅसेंजरने पेणला येत आणि दुपारपर्यंत भेगा भरत. त्यांच्या हाताला सफाई लवकर आली नाही; सोनाबाई त्यांच्याकडे फक्त पाठीमागच्या चिरा देत असे. गिऱ्हाईक पाटीचा अर्थ विचारी, तेव्हा सर आधी मेणाची गोष्ट सांगत, मग ती कशी खोटी आहे ते सांगत, आणि दिनकर दोन्ही वेळा ऐकत असे.

माझी बदली होण्याआधी एकदा निरोप घ्यायला तिथे गेलो. शेडमध्ये ऊन आले होते. सर दाराजवळ बसले होते, चप्पल कुठे तरी दूर होती. भरून, वाळवून, घासून झालेली एक मूर्ती उजेडात धरून ते तिला उलटसुलट फिरवत होते. कानामागे पाहिले, पाठीवर अंगठा फिरवून पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिले.

“सोनाबाई, कुठे होती हो हिची भेग? मीच भरली परवा.”

सोनाबाईने मान वर केली नाही.

“तुमालाच गावत नाय ना आता? मग झाली मूर्ती. ठेवा तिकडं, आन् दुसरी घ्या.”

सरांनी मूर्ती रंगाच्या फळीवर ठेवली, तिच्याकडे एकदा खुशीत पाहिले आणि दुसरी घेतली.